स्पॅनिशमध्ये 'खराब झालंय' नेमकं कसं म्हणायचं: रोतो, दान्यादो, देसगास्तादो आणि बाकीची मंडळी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहात, माल मेक्सिकोला पण जातो आणि स्पेनला पण, परत आलेल्या पार्ट्सचे रिपोर्ट स्पॅनिशमध्ये तुम्हालाच लिहावे लागतात, आणि डिक्शनरी उघडली की रोतो, दान्यादो, एस्त्रोपेआदो, आबेरिआदो, देस्कोम्पुएस्तो, गास्तादो, देसगास्तादो सगळ्यांपुढे जवळपास एकच अर्थ दिसतो. मग तुम्ही सगळीकडे रोतो टाकता आणि समोरून मेल येतो की रोतो म्हणजे नक्की काय झालंय. मी बरीच वर्षं स्पॅनिशचं टेक्निकल आणि क्लेमचं भाषांतर करते, हा घोळ रोज बघते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. स्पॅनिश शब्द मेक्सिकन उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय, स्पेनमधले लोक काही ठिकाणी 'स'चा 'थ' करतील आणि 'आदो'चा शेवट बोलताना 'आओ' करतील, एस्त्रोपेआदोचं एस्त्रोपेआओ, ते कान सरावला की कळतं.

आपण अडकतो ते आपल्या 'खराब'मुळे. हल्ली आपण मराठीत पण सगळ्यालाच खराब म्हणतो, फोन खराब, टायर खराब, दूध खराब, शर्ट खराब, आणि मग त्या एका शब्दाला स्पॅनिशमधला एक शब्द शोधत बसतो. तसा शब्द तिकडे नाहीये. म्हणून माझा सगळ्यांना पहिला सल्ला हाच असतो की स्पॅनिशकडे जायच्या आधी मराठीत नीट बोला. पार्ट झिजलाय, तडकलाय, चेपलाय, गंजलाय, का चालायचाच बंद झालाय? आपल्या आजीच्या पिढीकडे यासाठी भरपूर शब्द होते, उसवलेलं, विरलेलं, टवका उडालेला, खिळखिळं, सादळलेलं, आणि यातल्या जवळजवळ प्रत्येकाला स्पॅनिशमध्ये चपखल जोडीदार आहे. मराठी शब्द नेमका सापडला की अर्धं काम झालं समजा.

एक अपवाद, आणि तो रोतोचाच आहे. इथे उलटं आहे, आपल्याकडे शब्द जास्त आणि त्यांच्याकडे एक. कप फुटतो, दोरी तुटते, शर्ट फाटतो, खुर्ची मोडते, आपण ही क्रियापदं कधीच एकमेकांच्या जागी वापरत नाही, पण स्पॅनिशमध्ये या चारही ठिकाणी रोम्पेर आणि त्याचं रोतो चालतं. फाटक्या कपड्यांना रोतो म्हणणं तर फार जुनं आहे, सेर्बान्तेसच्या 'दोन किखोते' या कादंबरीच्या १६०५ च्या पहिल्या भागात डोंगरात चिंध्या पांघरून फिरणाऱ्या कार्देनियोला सरळ 'एल रोतो' म्हटलंय, आणि आज दुकानात फाटकी फॅशनची जीन्स मागायची तर तीही 'रोता'च. म्हणजे रोतो हा चुकीचा शब्द नाहीये, फक्त तो एवढंच सांगतो की वस्तू अखंड राहिलेली नाही. तुकडा पडला, भोक पडलं, दोन भाग झाले, असं काहीतरी. चेपलेला पत्रा अखंड आहे, झिजलेलं ब्रेक पॅड अखंड आहे, गंजलेला बोल्ट अखंड आहे, म्हणून त्यांना रोतो लिहिलं की समोरचा फोटोत तुकडे शोधत बसतो आणि ते सापडत नाहीत. (मेक्सिकोत काच किंवा भांडं फुटलं तर केब्रादो पण खूप ऐकाल. स्पेनमध्ये मात्र केब्रादो म्हटलं की डोक्यात दिवाळं निघालेला किंवा खडबडीत जमीन असलं काहीतरी येतं, तिकडे रोतोच बरा.)

मशीन चालत नाही हा वेगळाच विषय आहे आणि इथे देशादेशाप्रमाणे शब्द बदलतो. बंद पडलेल्या लिफ्टचं उदाहरण घेऊ. स्पेनमध्ये बोलताना एस्त्रोपेआदो आणि पाटीवर किंवा रिपोर्टमध्ये आबेरिआदो. मेक्सिकोत देस्कोम्पुएस्तो. कोलंबिया, व्हेनेझुएला, इक्वेडोरकडे दान्यादो. पेरूत मालोग्रादो. चिलीत नुसतं 'एस्ता मालो'. क्युबात बिघडलेल्या गाडीला पण रोतो म्हणतात. अर्जेंटिनात लोक म्हणतात 'नो आन्दा', म्हणजे चालत नाही, विषय संपला. आता देस्कोम्पुएस्तो हा मेक्सिकोचा अगदी रोजचा शब्द जर स्पेनला पाठवला तर कळेल त्यांना, पण तिथे हा शब्द जास्त करून पोट बिघडलेल्या माणसाला किंवा कुजलेल्या मृतदेहाला लागतो, मोटारीच्या पंपाला लावलेला विचित्र वाटतो. तसंच एस्त्रोपेआदो मेक्सिकोत समजतं पण स्पेनवाल्यांचं वाटतं. तुमचा एकच रिपोर्ट दोन्हीकडे जात असेल तर सरळ 'नो फुन्सिओना' लिहा, सगळीकडे चालतं, कुणाला खटकत नाही, आणि पुढे काय बिघडलंय ते एका वाक्यात सांगा.

आता मुद्द्याचं, ज्यात खरोखर पैसे अडकतात. झिजलंय, इजा झालीय आणि मुळातच सदोष आहे, या तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि क्लेमच्या कागदावर प्रत्येकीचं बिल वेगळ्याच्या नावावर फाटतं. देसगास्तादो म्हणजे वापरून वापरून घासून झिजलेलं. दान्यादो म्हणजे काहीतरी घडलं, मार बसला, पाणी लागलं, चुकीचं बसवलं. देफेक्तुओसो म्हणजे तयार होतानाच दोष राहिला. वॉरंटीच्या कागदावर स्पॅनिशमध्ये हमखास एक वाक्य असतं की 'देसगास्ते नोर्माल' म्हणजे वापराची नेहमीची झीज कव्हर होत नाही. म्हणजे कस्टमरने पाठवलेलं ब्रेक पॅड तुम्ही देसगास्तादो लिहिलंत तर अर्थ झाला तुमचं वापरून संपलं, आम्ही देणं लागत नाही. तेच दान्यादो लिहिलंत तर पुढचा प्रश्न येतो कुणी केलं, कधी केलं, वाटेत झालं का फिटिंगच्या वेळी. आणि देफेक्तुओसो लिहिलंत तर तुम्ही स्वतःच्या कंपनीची चूक लेखी कबूल केलीत. एका विशेषणात एवढं असतं, त्यामुळे डिक्शनरीत तीन शब्द शेजारी दिसले म्हणून त्यातला कुठलाही उचलू नका, आधी पार्ट हातात घेऊन बघा, इंजिनिअरला विचारा, मग लिहा. ट्रान्सलेटर म्हणून मला जेव्हा नुसतं 'डॅमेज्ड' लिहिलेला कागद येतो तेव्हा मी फोटो मागवते, फोटोशिवाय हा शब्द मी करत नाही.

याच्यातच क्रियापदाचा पण खेळ आहे. 'ला पिएसा एस्ता दान्यादा' म्हणजे पार्टला डॅमेज आहे, आत्ताची स्थिती, बस. 'फुए दान्यादा' म्हणजे कुणीतरी किंवा कशानेतरी डॅमेज केला, मागे घटना आहे आणि वाचणारा कर्ता शोधणार. 'से दान्यो' हे आपल्या 'खराब झाला'सारखं, कुणी केलं ते उघडं ठेवणारं. आणि 'येगो दान्यादा' म्हणजे आमच्याकडे आला तेव्हा असा होता, दोष कुणाचा ते बोलत नाही पण आमच्याकडे झालेला नाही एवढं पक्कं सांगतं. इनवर्ड इन्स्पेक्शनला, म्हणजे आत आलेला माल तपासताना, हे शेवटचं फार कामाचं, ते पाठच करून ठेवा.

गास्तादो आणि देसगास्तादो मधला फरक तुम्ही वेगळा विचारलाय. दोन्ही झिजण्याला चालतात, टायरला दोन्ही म्हणतात, पण गास्तादोच्या पोटात 'खर्च होणं' आहे, पैसे खर्च होतात तेव्हाही हेच क्रियापद. त्यामुळे जे वापरून संपत जातं त्याला गास्तादो, सेल, पेन्सिल, साबण, बुटाचा तळ. देसगास्तादो मध्ये घासलं जाणं, थर जाणं जास्त आहे, शाफ्ट, गिअरचे दात, जिन्याच्या दगडी पायऱ्या. रिपोर्टमध्ये मी कायम देसगास्तादोच घेते कारण त्याचं नाम देसगास्ते लगेच हाताशी मिळतं आणि ते मोजता येतं. टायर पार गुळगुळीत झाला असेल तर 'लिसो' म्हणा, मेक्सिकोत 'यान्ता लिसा' रोज बोलतात. युरोपात टायरच्या खाचांची किमान खोली १.६ मिलिमीटर लागते, आणि बरं आठवलं, स्पेनला लिहिताना तो आकडा स्वल्पविराम घालून जातो, १,६, मेक्सिकोला आपल्यासारखाच टिंब घालून. विशेषणावर तासभर घालवायचा आणि आकड्यात गोंधळ व्हायचा, असं होऊ देऊ नका.

पार्ट्सच्या भाषेत अजून काही जोड्या नीट बघा. राहादो आणि रायादो, एका अक्षराचा फरक, राहादो म्हणजे चीर गेलेला, तडकलेला, आणि रायादो म्हणजे नुसता ओरखडा. फोनच्या स्क्रीनला किंवा हेडलॅम्पच्या काचेला हे उलटसुलट झालं तर पार्ट बदलायचा का पॉलिश करायचा इतका फरक पडतो. तडा बारीक केसासारखा असेल तर फिसुरा, डोळ्याला भेग म्हणून दिसेल असा असेल तर ग्रिएता आणि विशेषण आग्रिएतादो. पोचा आला असेल तर आबोयादो. खोक्यांना मार लागला असेल तर मेक्सिकोत गोल्पेआदो सर्रास लिहितात, 'काहास गोल्पेआदास', चिरडली असतील तर आप्लास्तादो. गंजलेलं ओक्सिदादो, हे सोपंय. स्प्रिंगने ताण सोडला, दाबली तर पूर्ण परत येत नाही, त्याला बेन्सिदो म्हणतात, शब्दशः हरलेला, 'रेसोर्ते बेन्सिदो', मला स्वतःला हा शब्द फार आवडतो. पण सांभाळा, लॅटिन अमेरिकेत बेन्सिदो म्हणजे मुदत संपलेलं पण होतं, औषध, पासपोर्ट, व्हिसा, जिथे स्पेनवाले कादुकादो म्हणतात. वायरचं वरचं आवरण निघून आतली तार उघडी पडली तर 'काब्ले पेलादो', सोललेली वायर, अगदी आपल्यासारखंच.

आटे गेलेला बोल्ट हे माझं आवडतं उदाहरण आहे कारण इथे डिक्शनरी हमखास दगा देते. बोल्ट तुटलेला नाही, दिसायला धड आहे, फक्त फिरवला की फिरतच राहतो. मेक्सिकोचा फिटर म्हणणार 'तोर्निओ बार्रिदो', झाडून टाकलेला, कारण आटे जणू झाडूने पुसले गेलेत. स्पेनचा फिटर म्हणणार 'पासादो दे रोस्का', आट्यांच्या पुढे गेलेला. बार्रिदो स्पेनला पाठवलं तर ते झाडलोट समजतील, आणि रोतो लिहिलं तर दोन तुकडे कुठे आहेत ते विचारतील. असे शब्द पुस्तकातून येत नाहीत, त्या देशाच्या मेकॅनिककडूनच घ्यावे लागतात. त्यांचे यूट्यूबवरचे रिपेअरिंगचे व्हिडिओ बघा, पंधरा मिनिटांत जेवढे शब्द मिळतात तेवढे क्लासमध्ये मिळणार नाहीत. पार्टची नावं पण तिकडूनच पकडा, ब्रेक पॅड मेक्सिकोत बालाता आणि स्पेनमध्ये पास्तिया, बेअरिंग मेक्सिकोत बालेरो आणि स्पेनमध्ये रोदामिएन्तो, पंक्चर टायर मेक्सिकोत पोन्चादा आणि स्पेनमध्ये पिन्चादा. बल्ब उडाला तर स्पेन आणि मेक्सिको फुन्दिदो म्हणतात, म्हणजे वितळलेला, आणि अर्जेंटिना, चिलीकडे केमादो, जळलेला.

रिपोर्ट लिहिताना मात्र विशेषणांचाच हट्ट धरू नका. स्पॅनिश टेक्निकल कागदात पद्धत अशी की 'प्रेसेन्ता' हे क्रियापद घ्यायचं आणि पुढे नाम. 'प्रेसेन्ता उना ग्रिएता दे ४ मिलिमेत्रोस', ४ मिलिमीटरची भेग दिसते. 'प्रेसेन्ता देसगास्ते इर्रेगुलार', झीज असमान आहे. 'प्रेसेन्ता आबोयादुरास', पोचे आहेत. यात मोजमाप बसतं, जागा सांगता येते, आणि पार्ट स्त्रीलिंगी का पुल्लिंगी ही भानगड पण टळते. फक्त तुटणं म्हणून रोतुरा लिहा, रुप्तुरा नको, रुप्तुरा नात्यांची आणि वाटाघाटींची होते, एक्सलची होते ती रोतुरा.

विशेषण लावलंच तर मग लिंग-वचन चोख पाहिजे, रोतो, रोता, रोतोस, रोतास, आणि सोबत 'असणे' म्हणायला एस्तार (आत्ताची अवस्था), सेर (मूळचा गुण) नाही, कारण ही सगळी नंतर झालेली अवस्था आहे. देफेक्तुओसो हा त्यातला वेगळा, तो दोष जन्मजात म्हणून सेरबरोबर सहज जातो. 'अर्धवट तुटलेली' म्हणायला 'मेदियो रोता', इथे मेदियो बदलत नाही, 'मेदिया रोता' लिहू नका, बोलताना काही जण म्हणतात पण कागदावर वाईट दिसतं.

घरगुती वस्तूंवर थोडक्यात, कारण तुम्ही म्हणालात की स्पॅनिश सहकाऱ्यांशी गप्पा पण मारायच्या असतात. कपडा विरलेला असेल तर राईदो, धागे निघालेले देसिलाचादो, शिवण उसवलेली देस्कोसिदो, रंग गेलेला देस्तेन्यिदो, कसर लागलेला आपोलियादो. बऱ्याच शब्दांत वस्तू लपलेली असते ती बघायची सवय लावा, देसिलाचादोत धागा आहे, स्पॅनिशमध्ये धागा म्हणजे इलो, आपोलियादोत कसर आहे, पोलिया, देसाफिलादोत धार आहे, फिलो. धारेला दाते पडले असतील, म्हणजे सुरी बोथट नाही पण पातं जागोजागी खचलंय, तर मेयादो. कपाच्या काठाचा टवका उडाला तर देसपोर्तियादो. खुर्ची खिळखिळी झाली तर देसबेन्सिहादो, आणि टेबल डुगडुगत असेल तर ते 'कोहा', म्हणजे चक्क लंगडं. लाकूड आतून पोखरलेलं कार्कोमिदो. पार चुराडा झाला असेल तर 'एचो' लावून बोलतात, काच 'एचो आन्यिकोस', कपडा 'एचो हिरोनेस', आणि वस्तू किंवा दमलेला माणूस दोघंही 'एचो पोल्बो', धूळ झालेले. एचो वस्तूप्रमाणे एचा, एचोस असं बदलतं.

खाण्याचं अजून वेगळं. दूध फाटलं तर कोर्तादा, लोणी खवट झालं तर रान्सिया, फळ सडलं तर पोद्रिदा, वाईन आंबली तर पिकादो, पाव शिळा कडक झाला तर नुसतं दुरो. बिस्किटं सादळली तर रेबेनिदास, हा शब्द स्पेनमध्ये पावाला, चुर्रोस या तळलेल्या पदार्थाला पण लागतो आणि दमट हवेने मऊ-चिवट होणं हाच त्याचा अर्थ आहे, आपल्या सादळण्याला इतका तंतोतंत शब्द मला इंग्रजीत पण सापडला नाही. स्पेनमध्ये लिबलिबीत व्हायला लागलेल्या फळाला पोचो म्हणतात. आपला पोचा आठवतो, पण काही संबंध नाही, आणि मेक्सिकोत हा शब्द टाळाच कारण तिथे पोचो म्हणजे अमेरिकाळलेला मेक्सिकन माणूस, आणि ते फारसं चांगल्या अर्थाने नसतं.

तसंच चिलीत माणसाला रोतो म्हणू नका. वस्तूला चालतं, माणसाला म्हटलं की असभ्य, गावंढळ असा अपमान होतो. गंमत म्हणजे त्याच देशात 'रोतो चिलेनो' म्हणजे साधा कष्टकरी माणूस, लढाया लढलेला, त्याचा सान्तियागोत पुतळा आहे आणि २० जानेवारीला त्याच्या नावाचा दिवस पाळतात. एकच शब्द अभिमानाचा पण आणि शिवीचा पण, आणि बाहेरच्या माणसाला कुठला लागू होईल ते कळत नाही, म्हणून न वापरणं उत्तम.

डिक्शनरी कुठली बघायची हे पण विचारलंय. रेआल अकादेमिया, म्हणजे स्पेनची भाषा अकादमी, तिची ऑनलाइन फुकट आहे, तिची २३ वी आवृत्ती २०१४ ची, पण ती सवडीने वाचा, अर्थापुढे देशांची छोटी रूपं असतात ती वगळून नुसता अर्थ बघितलात तर मेक्सिकोचा शब्द स्पेनला जाणारच. लॅटिन अमेरिकेच्या शब्दांसाठी स्पॅनिश बोलणाऱ्या देशांच्या भाषा अकादम्यांच्या संघटनेची 'दिक्सिओनारिओ दे आमेरिकानिस्मोस' आहे, २०१० ची, ती पण ऑनलाइन मिळते आणि कुठल्या देशात काय चालतं ते तिच्यात बऱ्यापैकी कळतं. आणि शंका राहिलीच तर पार्टचं नाव आणि विशेषण दोन्ही लिहून गूगल इमेजेसमध्ये टाका, त्या देशाचं नाव जोडून. तुमच्या टेबलावरच्या पार्टसारखे फोटो आले तर शब्द बरोबर, नाही आले तर बदला. सेकंडहँड वस्तूंच्या मेक्सिकन जाहिराती पण चाळा, तिथे विकणारे 'देतायेस एस्तेतिकोस' असं लिहितात, म्हणजे चालतंय व्यवस्थित, फक्त दिसण्यात थोड्या खोडी आहेत, ओरखडे, रंग उडालेला वगैरे. तुमच्या रिपोर्टमध्ये जे पार्ट वापरायला चालतील पण दिसायला कमी आहेत त्यांच्यासाठी हाच शब्द घ्या, दान्यादो लिहून उगाच क्लेमची फाईल उघडू नका.